एजीएन आणि पुनर्आयनीकरण: फोटॉन पुरतात, पण हेलियमचं काय?

लोकमान्यनगर, इंदूर

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पुनर्आयनीकरणाचा (सुरुवातीच्या विश्वातला तटस्थ हायड्रोजन पहिल्या प्रकाशस्रोतांनी पुन्हा आयनीभूत केला, त्याचा) साधा हिशेब पायथनमध्ये लिहिला आहे. समीकरण नेहमीचंच. आयनीभूत झालेल्या घनफळाचा अंश म्हणजे क्यू. दर अणूमागे दर सेकंदाला जितके आयनक फोटॉन मिळतात तितका तो वाढतो, आणि क्यू भागिले पुनर्संयोगाचा (आयन आणि इलेक्ट्रॉन परत जुळण्याचा) काळ इतका घटतो. तापमान १०,००० केल्विन, पुनर्संयोगाचा केस-बी गुणांक २.६ × १०^-१३ घन सेंमी प्रति सेकंद, क्लम्पिंग (वायूचा गुठळेपणा) ३ धरलं आहे. रेडशिफ्ट ७ ला (आकडा जितका मोठा तितका काळ जुना) हायड्रोजनची घनता घन सेंटीमीटरला जेमतेम १०^-४ अणू, म्हणून पुनर्संयोगाचा काळ सुमारे ३८ कोटी वर्षं येतो. विश्व आयनीभूत राखायला दर सेकंदाला, दर घन को-मूविंग (विश्वाचं प्रसरण वगळून मोजलेल्या) मेगापार्सेकमागे, लॉगमध्ये ५०.६६ (म्हणजे १०^५०.६६) फोटॉन लागतात. इथपर्यंत गाइडनी तपासलं आहे.

आता पुरवठा. दीर्घिकांची अतिनील तेजघनता लॉग २६ (मॅग्निट्यूड -१३ पर्यंत मोजून), क्साय-आयन (अतिनील तेजामागे किती आयनक फोटॉन) २५.४, एस्केप फ्रॅक्शन (त्यातले बाहेर निसटणारे) १० टक्के. बेरीज ५०.४. म्हणजे दीर्घिका एकट्या थोड्या कमी पडतात. मग जेम्स वेब दुर्बिणीच्या पेपरांप्रमाणे त्यातला १० टक्के प्रकाश एजीएनचा (कृष्णविवरावर पोसलेल्या तेजस्वी दीर्घिका-केंद्रकांचा) धरला, क्साय-आयन २५.८, एस्केप १०० टक्के. उत्तर ५०.८! एजीएन दीर्घिकांच्या अडीच पट भरतात आणि एकटेच काम उरकतात.

गाइड फक्त एवढंच म्हणाले, "हेलियम बघ." कुठला आकडा फुगला आहे आणि हेलियमनं नक्की काय अडतं, कुणी नीट सांगेल का?

सिमरोलकर

आधी ५०.८ ची हवा काढू, हेलियमचं नंतर कुणी सांगेलच.

"१० टक्के दीर्घिकांमध्ये रुंद एच-अल्फा रेषा, म्हणजे एजीएनची खूण, दिसते" आणि "१० टक्के अतिनील प्रकाश केंद्रकातून येतो" ही दोन वेगळी विधानं आहेत. तुम्ही पहिल्यावरून दुसरं गृहीत धरलंत. सगळ्यात मोठी गडबड हीच. रुंद रेषेचा अंश वेगवेगळ्या सर्वेक्षणांत ५ ते १० टक्के येतो, पण तो मोजला आहे साधारण -१८ ते -२१ मॅग्निट्यूडच्या दीर्घिकांमध्ये. तुमची लॉग २६ मात्र -१३ पर्यंतची बेरीज आहे. दीर्घिकांच्या तेजफलाच्या (कुठल्या तेजाच्या किती, त्या आलेखाच्या) मंद टोकाचा उतार -२ च्या आसपास असला की प्रत्येक मॅग्निट्यूडच्या पट्ट्यातून जवळपास सारखाच प्रकाश येतो. -१३ ते -२१ हे आठ पट्टे, त्यातले वरचे तीनच तुमच्या कामाचे. म्हणजे १० टक्के लावायचे ते ३७ टक्क्यांवर. तेजघनता २५ वरून २४.५७ ला आली.

पुढे, त्या दीर्घिकांचा अतिनील प्रकाश सगळा केंद्रकाचा नाही. त्यांतल्या ज्यांना लिटल रेड डॉट (लहान लाल ठिपके) म्हणतात त्यांचा वर्णपट इंग्रजी व्ही अक्षरासारखा असतो: अतिनीलमध्ये निळा, दृश्यमध्ये लाल, आणि वळण बामर सीमेजवळ, स्थिर चौकटीत ३६४५ अँगस्ट्रॉमच्या आसपास. लाल बाजू केंद्रकाची मानली तरी निळी बाजू यजमान दीर्घिकेतल्या ताऱ्यांची असू शकते. काहींची अतिनील प्रतिमा पसरट दिसते, ते त्याचंच लक्षण. निम्मा प्रकाश केंद्रकाला द्या, तोही उदारपणे. २४.२७.

आणि एस्केप. क्वेसारसाठी, म्हणजे तेजस्वी एजीएनसाठी, १०० टक्के धरायला हरकत नाही, त्यांच्याभोवतीचा पारदर्शक पट्टा वर्णपटात सरळ दिसतो. रेडशिफ्ट ४ च्या मंद एजीएनसाठीही ७५ टक्क्यांच्या आसपासचे आकडे प्रसिद्ध आहेत. पण रेड डॉटपैकी बऱ्याच जणांत बामर रेषांचं शोषण दिसतं. म्हणजे हायड्रोजनच्या दुसऱ्या पातळीतही पुरेसे अणू असतील इतका दाट वायू वाटेत उभा आहे. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या प्रतिमा एकावर एक रचूनही क्ष-किरण अपेक्षेपेक्षा फारच कमी मिळतात. अशा ठिकाणाहून आयनक प्रकाश मोकळा बाहेर पडतो म्हणणं धाडसाचं आहे. ३० टक्के ठेवा. २४.२७ अधिक २५.८ उणे ०.५२, म्हणजे ४९.५५. गरजेच्या ८ टक्के.

शिवाय एकाच बिलाची दोनदा वसुली होते आहे. दीर्घिकांचं तेजफल ड्रॉपआउट पद्धतीनं, रंगावरून मोजलेलं असतं. त्यातून एजीएन वगळलेले नसतात. एजीएन वेगळे जोडलेत की तितका प्रकाश दीर्घिकांतून वजा करायलाच हवा.

ताळ्यासाठी एक पक्का आकडा: सुबारू दुर्बिणीच्या २०१८ च्या सर्वेक्षणात रेडशिफ्ट ६ ला -१८ पर्यंतच्या सगळ्या क्वेसारची बेरीज लॉग ४८.८ निघाली. तुमच्याच सूत्रानं रेडशिफ्ट ६ ची गरज ५०.४९ येते. दोनच टक्के.

लोकमान्यनगर, इंदूर

धन्यवाद. वजाबाकी करतो. पण मुद्दाम ताणून पाहिलं: निळा प्रकाश सगळा केंद्रकाचा आणि एस्केप १०० टक्के. तरी २४.५७ + २५.८ = ५०.३७, गरजेच्या निम्मं. दीर्घिकांचे ५०.४ धरले की दोघं मिळून भागतं. हा "अर्धे-अर्धे" पर्याय नुसत्या फोटॉनच्या संख्येवर बाद होत नाही ना?

गणिती बडोदेकर

नाही होत. म्हणूनच २०१५ मध्ये "क्वेसारच सगळं करतात का" हा प्रश्न गांभीर्यानं विचारला गेला आणि २०२४ मध्ये जेम्स वेबमुळे पुन्हा. २०१५ ला निमित्त होतं मंद एजीएनच्या एका मोजणीचं, आता रुंद रेषांचं. दोन्ही वेळा आडवं आलं ते हेलियमच. कागदावर करून दाखवतो, संगणक लागत नाही.

उंबरठे तीन: हायड्रोजन १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट, हेलियमचा पहिला इलेक्ट्रॉन २४.६, दुसरा ५४.४. शेवटचा पहिल्याच्या बरोबर चौपट. ताऱ्यांच्या प्रकाशात ५४.४ च्या वर जवळपास काही नसतं, म्हणून दीर्घिका हायड्रोजन आणि हेलियमचा पहिला इलेक्ट्रॉन एका दमात काढतात आणि तिथंच थांबतात. एजीएनचा वर्णपट मात्र घातनियमाचा, शेपटी लांब. ९१२ अँगस्ट्रॉमच्या पलीकडे त्याचा घात उणे १.७ धरतात. तुमचा २५.८ सुद्धा त्यातूनच निघतो: १५०० वरून ९१२ वर येताना तेज ०.७४ पट, भागिले प्लँकचा स्थिरांक, भागिले १.७. लॉग २५.८२.

अशा वर्णपटात एकूण आयनक फोटॉनपैकी ५४.४ च्या वरचे किती? ४ चा उणे १.७ वा घात, म्हणजे ०.०९५. आणि हायड्रोजनच्या दर अणूमागे हेलियमचे अणू किती? ०.०८. आता भागाकार करा. दर एजीएन-फोटॉनमागे हेलियमच्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनला ०.०९५ भागिले ०.०८, म्हणजे १.२ चा पुरवठा. हायड्रोजन आणि हेलियमचा पहिला इलेक्ट्रॉन मिळून ०.९०५ भागिले १.०८, म्हणजे ०.८४. म्हणजे एजीएननी हायड्रोजन संपवला (पुरता आयनीभूत केला) तर हेलियमही त्याच सुमाराला पुरता संपायला हवा.

तसा तो संपत नाही, कारण दुप्पट आयनीभूत हेलियमचा पुनर्संयोग हायड्रोजनपेक्षा जवळपास सहा पट वेगानं होतो. तुमच्या आकड्यांत रेडशिफ्ट ७ ला तो काळ साडेसहा कोटी वर्षं. म्हणून सुरुवातीला हेलियम मागे राहतो. पण घनता (१ + रेडशिफ्ट)च्या घनानं उतरते. रेडशिफ्ट ४ ला तोच काळ २७ कोटी वर्षं होतो आणि एजीएन तेवढेच तेजस्वी राहिले तर हेलियम झपाट्यानं भरून येतो. तुमच्या अर्ध्या-अर्ध्या पर्यायात तो फार लवकर पूर्ण होईल.

निरीक्षण काय सांगतं? हेलियमची ३०४ अँगस्ट्रॉमची रेषा रेडशिफ्ट ३ ला १२१६ वर येते. हबलच्या कॉस वर्णपटमापीला ती दूर-अतिनीलमध्ये दिसते. तिथं रेडशिफ्ट ३ च्या आसपास अजून काळे पट्टे आणि पारदर्शक फटी दोन्ही दिसतात, आणि २.७ च्या सुमारास सगळं मोकळं होतं. म्हणजे हेलियमचं काम हायड्रोजननंतर शंभर कोटी वर्षांहून जास्त काळानं संपलं. दुसरा साक्षीदार तापमान. हेलियमचा दुसरा इलेक्ट्रॉन निघताना वायू तापतो. लायमन-अल्फा वनातून (क्वेसारच्या वर्णपटातल्या हायड्रोजनच्या शोषणरेषांच्या गर्दीतून) मोजलेलं सरासरी घनतेचं तापमान रेडशिफ्ट ५ ला साधारण ७-८ हजार केल्विन आणि ३ च्या सुमारास १२ ते १५ हजार. चढ आहे तो ३ च्या जवळ. ५ च्या आधी हेलियम झाला असता तर हा चढ चुकीच्या जागी आला असता.

सुटकेच्या वाटा दोन आहेत, आणि एजीएनच्या बाजूनं लिहिणारे त्याच धरतात. पहिली, वर्णपट मऊ करायचा. घात २.५ घेतला की ५४.४ च्या वर फक्त ३ टक्के उरतात आणि भागाकार १.२ वरून ०.३९ ला येतो. पण मग एकूण फोटॉनही १.७ भागिले २.५ पट, म्हणजे लॉगमध्ये ०.१७ नं घटतात, हे विसरू नका. पेपर वाचताना लोक पहिला परिणाम लक्षात ठेवतात, दुसरा सोयीनं विसरतात. दुसरी वाट, हे एजीएन रेडशिफ्ट ४ च्या खाली झपाट्यानं कमी होतात असं मानायचं. रेड डॉटची संख्या खरोखरच तशी घटते. मग आयनीभूत झालेला हेलियम पुन्हा जुळू लागतो; रेडशिफ्ट ५ ते ४ मध्ये ३६ कोटी वर्षं जातात, पुनर्संयोगाला पुरेशी. मग क्वेसार तो रेडशिफ्ट ३ ला दुसऱ्यांदा फोडतात. संख्येनं हे जमतं. तापमान मात्र इतक्या लवकर विसरत नाही, ही वाट तिथंच अडखळते.

माझं मत विचाराल तर एजीएनचा वाटा काही टक्के ते फार तर पाव. निम्मा म्हणायला वर्णपट, एस्केप आणि उतरती संख्या तिन्ही एकाच वेळी सोयीची निवडावी लागते.

बँड-दोन

क्ष-किरणांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. घातनियमाची शेपटी इलेक्ट्रॉनव्होल्टच्या शेकड्यांत जाते आणि तिथं फोटॉन लांब पळतात. तटस्थ वायूत, रेडशिफ्ट ७ ला, ३०० इलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन सरासरी १७ को-मूविंग मेगापार्सेक जातो, १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा ६०० च्या वर. त्यामुळे एजीएन आपल्या बुडबुड्याच्या बाहेरचा वायूही थोडा-थोडा आयनीभूत करतात. पण हे फार पुढे जात नाही. क्ष-किरणानं काढलेला वेगवान इलेक्ट्रॉन तटस्थ वायूत आणखी अणू फोडतो. वायू दहाएक टक्के आयनीभूत झाला की त्याची ऊर्जा मुख्यतः तापवण्यातच जाते. आयनीकरण तिथंच मंदावतं.

तरी ते दहा टक्के टाऊमध्ये (वैश्विक पार्श्वप्रारणाला वाटेतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांची होणारी आडकाठी) दिसतात. रेडशिफ्ट ७.७ पर्यंत सगळं आयनीभूत धरलं तर टाऊ ०.०५३ येतो, प्लँक उपग्रहाचा आकडा ०.०५४ अधिक-उणे ०.००७. आता ८ ते १५ मध्ये सर्वत्र १० टक्के आयनीकरण जोडा: ०.००८ वाढतात. एका सिग्मापेक्षा (त्या अधिक-उणे ०.००७ पेक्षा) थोडं जास्तच. म्हणजे लवकर जन्मलेल्या, क्ष-किरणांनी भरलेल्या एजीएनना प्लँक फार जागा देत नाही. लोकमान्यनगर, हा एक आकडा कोडमध्ये छापून घ्याच.

तटस्थ हायड्रोजनच्या २१ सेंमीच्या रेडिओ रेषेतून खरा फरक दिसायला हवा, कारण क्वेसारचे बुडबुडे मोठे आणि विरळ, दीर्घिकांचे लहान आणि खच्चून. सेकंदाला १०^५७ फोटॉन देणारा क्वेसार एक कोटी वर्षं पेटला तर रेडशिफ्ट ७ ला साधारण ३ मेगापार्सेक त्रिज्या फोडतो, को-मूविंगमध्ये २४. आकाशात व्यास वीसेक कलांचा. रेडशिफ्ट ७ म्हणजे १७८ मेगाहर्ट्झ. खोडदच्या सुधारित जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीचा बँड-दोन १२० ते २५० मेगाहर्ट्झ आहे, रेडशिफ्ट १०.८ ते ४.७. पट्टा बरोबर बसतो. अडतं ते आकाशगंगेच्या सिंक्रोट्रॉननं: पार्श्वभूमी शेकडो केल्विनची, सिग्नल दहा-वीस मिलिकेल्विनचा. जीएमआरटीवरून २०११ आणि २०१३ मध्ये वरच्या मर्यादा निघाल्या, शोध नाही. तुमच्या शहराजवळ सिमरोलच्या आयआयटीत २१ सेंमीवर काम चालतं. पार्श्वभूमी वजा करण्याचं प्रत्यक्ष बघायचं असेल तर तिथं विचारा.

रामबाग

मध्येच विचारतो, विषय थोडा वेगळा. आमच्या मंडळात याच विषयावर मराठीत बोलायचं आहे, आणि नंतर दुर्बिणीतून एखादा क्वेसार दाखवायचा बेत आहे. ८ इंची डॉब्सोनियन आहे. गणपतीत जमेल का?

सिमरोलकर

गणपतीत नको. दाखवण्यासारखा एकच, ३सी २७३, कन्या राशीत. त्या दिवसांत सूर्य त्याच भागाकडे सरकत असतो, अंधार पडेपर्यंत तो मावळतीला टेकलेला असतो. गुढीपाडव्याच्या आसपास ठेवा: मध्यरात्रीच्या सुमारास इंदूरहून ६९ अंश उंचीवर येतो, आणि पाडवा अमावास्येला लागूनच असल्यानं चंद्राचा त्रास नाही. प्रत (मॅग्निट्यूड) १२.९ आहे, शहराच्या उजेडात ८ इंचीतून मिळणार नाही. महूच्या पुढे, जानापावकडे जा. दिसेल तो साधा मंद तारा, म्हणून प्रेक्षकांना आधी सांगून ठेवा की याचं रेडशिफ्ट ०.१५८ आहे आणि ते १९६३ मध्ये ओळखलं गेलं. रेडशिफ्ट ६ चे क्वेसार डोळ्यांनी दिसणारच नाहीत, दुर्बीण कितीही मोठी असो. ८५०० अँगस्ट्रॉमच्या अलीकडचा त्यांचा जवळपास सगळा प्रकाश वाटेतला हायड्रोजन खातो.

लोकमान्यनगर, इंदूर

हेलियमचं समीकरण जोडलं, पण क्यू-हेलियम रेडशिफ्ट १५ जवळ ऋण येतो. कोडची चूक की भौतिकीची?

गणिती बडोदेकर

पायरीची. बहुतेक रेडशिफ्टची पायरी ०.५ ठेवली असेल. रेडशिफ्ट १५ ला ०.५ म्हणजे सव्वा कोटी वर्षं, आणि तिथं हेलियमच्या पुनर्संयोगाचा काळ क्लम्पिंग ३ ला ८० लाख वर्षं. एका पायरीत असलेल्यापेक्षा जास्त हेलियम परत जोडला जातो. ०.०१ करा, किंवा सायपायमधला इम्प्लिसिट सोल्व्हर वापरा. वरच्या टोकाला क्यू १ ला कापायलाही विसरू नका.

आणखी एक तपासा: स्रोताच्या पदात हायड्रोजनची घनता को-मूविंग हवी, पुनर्संयोगाच्या काळात प्रॉपर (त्या वेळची प्रत्यक्ष). दोन्हीकडे एकच घातली तर रेडशिफ्ट ७ ला ५१२ पटीचा फरक पडतो. स्रोतात प्रॉपर घातली असेल तर क्यू वर सरकतच नाही. काळात को-मूविंग घातली असेल तर पुनर्संयोग जणू बंदच पडतो आणि क्यू कधी खाली येत नाही. दुसरं लवकर लक्षात येत नाही, कारण आलेख दिसायला गुळगुळीतच असतो.

अहवालात नुसता क्यूचा आलेख देऊ नका. आडव्या अक्षावर एजीएनचा एस्केप, उभ्यावर वर्णपटाचा घात १.४ ते २.५, आणि त्यावर दोन रेषा काढा: जिथं हेलियम बरोबर रेडशिफ्ट ४ ला पूर्ण होतो ती, आणि जिथं टाऊ ०.०६१ (प्लँक अधिक एक सिग्मा) होतो ती. क्लम्पिंग २ आणि ५ ला दोन्ही रेषा किती सरकतात तेही ठिपक्यांनी दाखवा. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल.